वाळवलेली भाजी-फळं सुरू केली आणि पक्षी बिघडला? या क्रमानं तपासा

अमळनेरला माझा वाळवणाचा घरगुती धंदा आहे. बिबडे, कुरडया, नागलीचे पापड. घरी बजरी आणि कॉकटेल हे छोटे पाळीव पोपट असल्यामुळे गेली नऊ वर्षं मी पक्ष्यांसाठीही गाजर, मेथी, गंगाफळ (लाल भोपळा) वाळवते, आणि ओळखीच्यांना देते. दरवर्षी कुणी ना कुणी तीच तक्रार घेऊन दारात उभं राहतं: "ताई, वाळवण द्यायला लागलो आणि पक्षी बिघडला." कधी वाळवण माझं असतं, कधी त्यांच्या घरचं, कधी दुकानातलं. उत्तर मात्र फिरून फिरून त्याच सात-आठ जागी सापडतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

लक्षणं कोणती?

खालीलपैकी एक किंवा दोन दिसतात:

- वाळवण वाटीत जसंच्या तसं पडून राहतं, पक्षी चोचही लावत नाही.
- दाणे तेवढे वेचतो, बाकीचं पिंजऱ्याबाहेर उडवतो.
- विष्ठा पातळ झाली आहे, किंवा तिचा रंग बदलला आहे.
- पाणी नेहमीपेक्षा जास्त पितो.
- मान झटकून ओकतो.
- सुस्त आहे, छातीचं मधलं हाड हाताला लागतंय.

ओकण्याबद्दल एक खुलासा. नर बजरी आरशासमोर किंवा घंटीसमोर मान वरखाली हलवून दाणे बाहेर काढतो, ते त्याचं लाड करणं असतं. त्यात दाणे नीट एका जागी पडतात आणि पक्षी मजेत असतो. खऱ्या ओकारीत तो डोकं झटकतो, कपाळावरची पिसं चिकट होतात आणि तोंड उतरलेलं दिसतं.

आधी हे बघा, मग पुढचं वाचा

पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसला असेल, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होत असेल, चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल (भर दुपारच्या उकाड्यात थोडा वेळ धापणं वेगळं), विष्ठेत खरंच रक्त असेल, किंवा आख्खा दिवस पोटात काहीच गेलं नसेल, तर खालची एकही तपासणी करत बसू नका. सरळ डॉक्टर. बजरीचं वजन सगळं मिळून ३०-४० ग्रॅम. एवढ्याशा जीवाजवळ साठा नसतो. शिवाय पक्षी आजार लपवतात; आपल्याला दिसेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो.

तसं काही नसेल तर आता फुकटच्या तपासण्यांपासून सुरू करू.

१. वाटी फुंकून बघा

दोन वर्षांपूर्वी पारोळ्याकडचे एक आप्पा पिंजरा मोटारसायकलला बांधून घेऊन आले. आत एक हिरवा बजरी, मलूल. आप्पा वैतागलेले. "अक्का, वाटी तं भरेल शे, पन तो खाई नई राहिना." आठवडाभर त्यांनी दाण्यात माझी वाळलेली मेथी मिसळली होती, आणि त्यांचा पक्का समज होता की मेथीच्या वासानं त्यानं दाणेसुद्धा सोडले.

मी वाटी बाहेर काढली आणि हलकेच फुंकर घातली. वाटीतलं सगळं उडालं. खाली तळाला मेथीची चार पानं आणि बोटावर मोजण्याइतके दाणे. बाकी होती ती फक्त टरफलं. बजरी, कॉकटेल, फिंच हे सगळे दाणा सोलून खातात आणि साल तिथंच टाकतात. कांगणीची, म्हणजे राळ्याची, साल वरून बघितली तर हुबेहूब दाण्यासारखी दिसते. बिचारा भरल्या ताटावर उपाशी होता. सुपात धान्य पाखडणाऱ्या बाईला ही गोष्ट पटकन कळते. आप्पांना कळायला फुंकर लागली.

वाळवण सुरू केल्यावर हे जास्त का घडतं, तर पानांचा चुरा वर पसरल्यामुळे वाटी अजूनच भरलेली दिसते. त्यामुळे रोज सकाळी वाटी फुंकायची, आणि वाळवणाची वाटी वेगळी ठेवायची. दाण्यात मिसळायचं असेल तर पद्धत वेगळी आहे, ती पुढे येते.

२. विष्ठा पांढऱ्या कागदावर बघा

पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये छापील वर्तमानपत्र असेल तर त्यावर काही कळत नाही. कोरा कागद घाला आणि दोन तासांनी बघा. निरोगी विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी.

भिजवलेली भाजी खाल्ल्यावर पाण्याचा भाग वाढतो. घट्ट भागाचा आकार टिकून असेल तर तो जुलाब नव्हे, पक्ष्यानं पाणी खाल्लं आणि पाणी टाकलं एवढंच. घट्ट भागच विरघळल्यासारखा झाला, शेपटीखालची पिसं चिकटली, तर मात्र पोट बिघडलं आहे. त्या दिवशी फळं आणि भिजवलेलं सगळं बंद, फक्त रोजचे दाणे आणि स्वच्छ पाणी. दुसऱ्या सकाळपर्यंत फरक नाही पडला तर डॉक्टर.

रंगाची गंमत अशी की वाळलेलं बीट दिलं तर विष्ठा गुलाबी-लाल येते. माझ्या पुतण्यानं पहिल्यांदा बीट दिलं तेव्हा रात्री अकराला फोन करून रडवेल्या आवाजात "काकू, रक्त!" म्हणाला होता. दिवसभरात काय दिलं हे विचारल्यावर बीट निघालं. गाजर-गंगाफळानं नारिंगी छटा येते, पालेभाजीनं गडद हिरवी. शंका असेल तर रंगीत भाजी एक दिवस बंद ठेवा; रंग दुसऱ्या दिवशी गेला पाहिजे. काळी डांबरासारखी विष्ठा, किंवा काहीही न खाता येणारी गर्द हिरवी पातळ विष्ठा, हे रंग भाजीचे नसतात. तिथं थांबायचं नाही.

३. पाणी

वाळवण म्हणजे पाणी काढून घेतलेली भाजी. ती कोरडी खाल्ली की पक्षी ते पाणी दुसरीकडून भरून काढणार. म्हणून जास्त पाणी पिणं हे त्या दिवसांत आपोआप येतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, भुसावळकडे तर विचारूच नका, आणि पिंजरा जर व्हरांड्यात पत्र्याखाली असेल तर दुपारी वाटीतलं पाणी हाताला कोमट लागतं. तसलं पाणी पक्षी टाळतो. कोरडं खायला आणि प्यायला गरम, अशी कोंडी होते.

उन्हाळ्यात पाणी दिवसातून तीनदा बदला, वाटी मातीची ठेवा, आणि मे महिन्यात कोरडं वाळवण देऊच नका, भिजवूनच द्या. ही तपासणी फुकटची आहे, म्हणून लोक ती वगळतात.

४. बरणीत नेमकं काय आहे?

बहुतेक घोटाळा इथं सापडतो. माणसाचं वाळवण आणि पक्ष्याचं वाळवण ही दोन वेगळी कामं आहेत. माणसाच्या वाळवणात मीठ असतं, कधी हळद-हिंग, कधी ताक, आणि बऱ्याचदा ते पुढे तळायचं असतं. ताकातल्या मिरच्या, मीठ लावलेली गवार, मसाल्याचं कारलं, सांडगे हे आपल्या भाकरीशेजारी ठीक. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला चिमूटभर मीठसुद्धा फार होतं.

जळगाव जिल्ह्यात हटकून होणारी चूक म्हणजे केळीचे वेफर्स. रावेर-यावलकडं रस्त्याच्या कडेला कढईतून गरम निघतात, तोंडाला पाणी सुटतं, आणि माणूस म्हणतो की केळीच आहे, वाळवलेलीच आहे, द्यायला काय हरकत? ते वाळवलेले नसतात, तळलेले असतात, वर मीठ. पक्ष्याला द्यायचं असेल तर पिकल्या केळीच्या चकत्या नुसत्या उन्हात वाळवलेल्या पाहिजेत. त्या कुरकुरीत होत नाहीत, चामड्यासारख्या चिवट होतात. हीच ओळख धरा: केळीची चकती कडकन मोडली की ती बहुधा कढईतून आली आहे.

दुसरं, कांदा आणि लसूण. जळगावात कांदा वाळवण्याचे मोठे कारखाने आहेत, सुक्या कांद्याच्या चकत्या सहज मिळतात, आणि मिश्र सुक्या भाजीच्या पाकिटांत त्या असतात. कांद्यानं पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वाळवल्यानं हा दोष जात नाही, उलट थोडक्यात जास्त कांदा पोटात जातो. पाकिटावर कांदा-लसूण लिहिलेलं असेल तर ते आपल्या आमटीत घाला. अ‍ॅव्होकॅडो हल्ली शहरातून येतं, ते कुठल्याच रूपात नको. पक्ष्याच्या हृदयावर जातं. चॉकलेट नको. सफरचंद वाळवताना बिया काढा.

दुकानातल्या सुक्या फळांत साखर बघा. टूटी-फ्रूटी, साखरेत घोळवलेला आवळा, चमकदार लाल चेरी हे सगळं मिठाईत मोडतं. सोनेरी बेदाणा आणि केशरी जर्दाळू यांचा रंग टिकवायला बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. मी काळा बेदाणा घेते, दोनदा कोमट पाण्यात धुते.

आणि साठवणीची गोष्ट. आपल्या घरांत धान्याच्या कोठीत पारद (पाऱ्याच्या) टिकड्या टाकतात, तांदळाला बोरिक पावडर चोळतात, डाळीला एरंडेल. चांगल्या मनानं कुणीतरी तीच टिकडी पक्ष्याच्या बरणीत टाकतं. एका घरी सासूबाईंनी टाकली होती, सुनेला पत्ताच नव्हता. त्यामुळे बरणी पालथी करून तळाशी काय आहे ते बघा. पारद टिकडी निघाली तर सगळं वाळवण फेका, धुऊन वापरू नका. किड्यांसाठी साधा उपाय आहे: हवाबंद डबा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचा. अळ्या-अंडी मरतात, औषध काही लागत नाही.

मिरचीबद्दल सगळे विचारतात, म्हणून इथंच सांगते. वाळलेली लाल मिरची पक्ष्याला चालते. तिखटपणा ज्या द्रव्यामुळे जाणवतो त्याची जळजळ पक्ष्यांना होतच नाही. रानात मिरचीच्या बिया पसरवतात ते पक्षीच. माझा कॉकटेल नंदुरबारची मिरची देठाकडून सोलत, आतल्या बिया एकेक करून खातो. मग डोकं झटकतो आणि बिया माझ्या डोळ्यात. त्यामुळे धोका असला तर आपल्याला. फक्त मिरची देण्याआधी उभी चिरून आत बघायची, कारण वरून टवटवीत लाल आणि आत करडी बुरशी अशा मिरच्या दर किलोत निघतात. हाताला तेलकट लागणारी मिरचीही नको. चमक आणायला तेल चोळतात.

५. किती देता?

किलोभर गाजर वाळवलं की शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतं. मेथीचंही तसंच. सोललेली केळी किलोभर घेतली तर पाव किलोच्या आसपास उरते. हे गणित डोक्यात नसलं की माणूस ताज्या भाजीच्या मापानं वाळवण देतो, म्हणजे आठ-दहा पट. फळांत तर पाणी गेल्यावर साखर तेवढीच राहते, त्यामुळे केळीची एक सुकी चकती बजरीला म्हणजे आपण दोन जेवणं मिठाईवर काढल्यासारखं.

मी देते ते माप असं: बजरीला दिवसाला पाव चमचा वाळलेली भाजी (पोह्याचा चमचा धरू नका, चहाचा), कॉकटेलला अर्धा. सुकं फळ आठवड्यातून दोनदा, हरभऱ्याएवढा तुकडा. पालक रोज नको. त्यातल्या द्रव्यामुळे कॅल्शियम बांधलं जातं आणि अंड्यावरच्या मादीला ते महागात पडतं. मेथी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर हे त्यापेक्षा बरं.

माप बरोबर असूनही पोट बिघडत असेल तर सगळं एकदम सुरू केलं होतं का, हे आठवा. एका आठवड्यात एकच नवी भाजी. नाहीतर दोष कुठल्या भाजीचा हे कळायला मार्ग उरत नाही.

६. कसं देता?

"खातच नाही" या तक्रारीचं उत्तर इथं आहे. जन्मापासून कांगणी-बाजरीवर वाढलेल्या बजरीला वाळलेलं गाजर अन्न वाटतच नाही. त्याच्या दृष्टीनं तो वाटीत पडलेला कचरा. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही; पुण्याहून आलेल्या जावयाला ठेचा-कळण्याची भाकरी वाढली तर तोही आधी बोटानं चाचपतो.

माझी पद्धत: वाळवण मिक्सरला फिरवून जाडसर भुकटी करायची. रोजचे दाणे हातावर घेऊन त्यावर पाण्याचा हलका हबका मारायचा, दाणे ओले होता कामा नयेत, नुसते दमट. त्यावर भुकटीची चिमूट चोळायची. भुकटी सालीला चिकटते, दाणा सोलताना जिभेला लागते. सकाळी पहिल्या भुकेला हे द्यायचं, दोन तासांनी काढून नेहमीचे कोरडे दाणे ठेवायचे. दहा-पंधरा दिवसांनी भुकटी जाड करत न्यायची, मग बारीक तुकडे, मग भिजवलेले तुकडे. कॉकटेल लवकर शिकतात. बजरीला माझ्याकडे कधीकधी दोन महिने लागले आहेत. उपाशी ठेवून सवय लावायला जाऊ नका, तो हट्टानं मरेल पण खाणार नाही.

एक लबाडी चालते. त्याच्यासमोर आपण खायचं. मी ओट्याशी उभी राहून सुकं गाजर चावते आणि मधेच पिंजऱ्याकडे बघते. घरचे हसतात, पण कळपात राहणारा पक्षी दुसऱ्याचं बघूनच धीर करतो.

भिजवायचं असेल तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग निथळून द्यायचं. आणि इथं घड्याळ लावा. भिजलेली भाजी आता वाळवण राहिली नाही, ती नासणारी भाजी झाली. थंडीत दोन-तीन तास चालते; मे महिन्यात मी तासाभरात वाटी काढते. सकाळी भिजवून ठेवून कामावर जाणारे आणि संध्याकाळी "पोट कसं बिघडलं" म्हणणारे, यांचं उत्तर इथंच मिळतं.

७. काटा

इथून थोडा खर्च सुरू. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, बाजारात चार-पाचशेला मिळतो. त्यावर छोटा डबा ठेवून शून्य करा, पक्षी आत ठेवा, आकडा लिहा. रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच वेळी. बजरी ३०-४०, कॉकटेल ८०-१०० च्या आसपास असतो, पण तुमच्या पक्ष्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा.

खाणं बदलत असताना एखाद-दोन ग्रॅम इकडे तिकडे होतं. दहा टक्के उतरलं, म्हणजे ३५ चा ३१ वर आला, की बदल थांबवा, जुने दाणे पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरला फोन करा. फुगलेल्या पिसांत बारीक पक्षी दिसत नाही. काट्याला पिसं दिसत नाहीत.

८. बरणीची दहा दिवसांची चाचणी

वरचं सगळं ठीक आहे, तरी पक्षी अधूनमधून बिघडतो, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. मग ओलावा धरा.

काचेची कोरडी बरणी घ्या, वाळवण दोन-तृतीयांश भरा, झाकण घट्ट लावा. आठ-दहा दिवस रोज एकदा हलवा आणि काचेकडे उजेडात बघा. काचेवर आतून दव दिसलं, तुकडे एकमेकांना चिकटले, तर माल पूर्ण वाळलेला नव्हता. पहिल्याच दिवशी दव दिसलं आणि वास स्वच्छ असेल तर पुन्हा उन्हात घालता येतं. चार दिवसांनंतर दिसलं तर मी टाकून देते.

याचं कारण बुरशी. ती दिसण्याआधी कितीतरी आधी मालात असते. पक्ष्यांची श्वासाची रचना अशी आहे की बुरशीचे कण फुप्फुसापुढच्या हवेच्या पिशव्यांत जाऊन बसतात, आणि तिथून काढणं डॉक्टरलाही जड जातं. शेंगदाणे, मका, मिरची यांत होणाऱ्या काही बुरश्या यकृतावर जाणारं विष सोडतात. ते विष भाजून, उन्हात घालून पुरतं जात नाही. म्हणून वरचा थर काढून खालचं वापरायचा हिशेब इथं चालत नाही. एक तुकडा बुरसटलेला दिसला तर आख्खी बरणी उकिरड्यावर. मी स्वतः एका श्रावणात सव्वा किलो गाजर फेकलं आहे, आणि ते चिरताना माझं बोटही कापलं होतं, त्यामुळे वाईट किती वाटलं ते विचारू नका.

माल नीट वाळला की नाही हे बरणीत भरण्याआधीच ओळखायची खूण: पालेभाजी मुठीत चुरडली की भुगा झाली पाहिजे, गाजर-गंगाफळाचा तुकडा कट्कन मोडला पाहिजे, फळ दाबलं तर ओल बोटाला लागता कामा नये. आणि ऊन उतरल्यावर लगेच गरम माल बरणीत भरू नका. गार होऊ द्या, नाहीतर त्याचीच वाफ त्याला भिजवते.

९. वाळवण्याची जागा आणि पद्धत

सगळ्यात कष्टाची तपासणी, कारण इथं चूक निघाली तर घाणा पुन्हा घालावा लागतो.

गच्चीवर पारवे येतात का? वाळवणावर त्यांची विष्ठा पडली तर त्यातून जे रोग येतात ते पाळीव पक्ष्याला सरळ लागतात, आणि त्यातले काही माणसालाही. माणसाचं वाळवण पुढे तळलं-शिजवलं जातं, पक्ष्याचं तसंच पोटात जातं. म्हणून माझ्या पक्ष्यांच्या बाजेवर चारही बाजूंनी मलमलीचा कपडा ताणलेला असतो, वाळवणाला न टेकणारा. पापडांची राखण करायला पोरं काठी घेऊन बसतात तेवढ्यावर भागत नाही.

कपड्याचा दुसरा फायदा रंगाचा. गाजर-गंगाफळातलं जे नारिंगी द्रव्य आहे त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि नुसत्या दाण्यावरच्या पक्ष्याला नेमकी त्याचीच टंचाई असते. शिंका, डोळ्यांभोवती सूज, तोंडात पांढरे ठिपके ही तिची लक्षणं. हे द्रव्य थेट उन्हानं मरतं. वाळून फिकं, पांढरट पडलेलं गाजर म्हणजे चोथा. तुम्ही महिनोन्‌महिने गाजर दिलं आणि पक्षी तरी शिंकतो आहे, तर बरणीतल्या गाजराचा रंग बघा.

पद्धत थोडक्यात. भाजी वाहत्या पाण्यात धुवा. भेंडी-मिरचीवर फवारणी भरपूर असते, शक्यतो ओळखीच्या शेतातून घ्या. गाजर-गंगाफळाच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या, उकळत्या बिनमिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर टिपून कपड्याखाली ऊन. आपल्या मे महिन्यात दोन दिवस पुरतात. पालेभाजी कधीच उन्हात नाही, घरात सावलीला, पंख्याखाली, दोन-तीन दिवस. जूनमध्ये ढग आले की मी दुकान बंद करते. पावसाळी हवेत अर्धवट वाळवलेलं विकण्यापेक्षा गिऱ्हाईक गेलेलं परवडतं.

कधी थांबायचं

सुरुवातीला सांगितलेल्या धोक्याच्या खुणा कधीही दिसल्या तर. वजन दहा टक्के उतरलं तर. ओकारी एका दिवसात दोनदा झाली तर. वाळवण पूर्ण बंद करून दोन दिवस झाले आणि फरक नाही तर, कारण मग दोष वाळवणाचा नव्हताच. तोंडात पांढरे ठिपके दिसले तर. ते खरवडायचे नाहीत. आणि बुरसटलेलं किंवा टिकडीतलं पोटात गेल्याची नुसती शंका असेल तरीही.

तोवर घरी काय करायचं? हिवाळा असेल तर पिंजऱ्यावर तीन बाजूंनी चादर टाकून ऊब द्या. मे महिन्यात त्याची गरज नाही, आपलं घरच तापलेलं असतं. पाणी जवळ ठेवा. चोचीत बळजबरीनं काही ओतू नका, श्वासनळीत जातं. माणसाच्या जुलाबाच्या गोळीचा तुकडा तर अजिबात नको.

एक आडवी गोष्ट. गळ्याला काळी-गुलाबी पट्टी असलेला आपला हिरवा पोपट कुणी घेऊन आलं तर मी वाळवण देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळता येत नाही. झाडावरून पडलेला सापडला असेल तर वनविभागाला कळवा. बजरी आणि कॉकटेल मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पिंजऱ्यातच पैदास झालेले, त्यांची गोष्ट वेगळी.

डॉक्टरकडे जाताना तीन वस्तू बरोबर घ्या: विष्ठेचा आजचा कागद घडी न घालता डब्यात, वजनाची वही, आणि वाळवणाची बरणी. बरणी बघून डॉक्टर अर्ध्या शंका तिथंच खोडतात. आपल्याकडचे बरेच दवाखाने गाई-म्हशी आणि शेळ्यांचे. डॉक्टर हुशार असतात, पण सगळ्यांचा हात पक्ष्यावर बसलेला नसतो, आणि भर उन्हात चाळीस किलोमीटर जाऊन परत फिरणं आजारी पक्ष्याला झेपत नाही. म्हणून निघण्याआधी फोन करा आणि एकच विचारा: "तुमच्याकडे ग्रॅमचा काटा आहे का?" हो म्हणाले तर निघा.